उरलेले, शिळे आणि उष्टे

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातील गोष्ट आहे. आमच्या धर्मग्रामातील एका सुखवस्तू घरी लग्न होते. तालुक्याच्या गावी हॉल घेतला होता आणि पाचशे पानांचा अंदाज आचाऱ्याला दिला होता. सायंकाळी वळवाचा पाऊस कोसळला, ओढ्याला पाणी आले, आणि पलीकडच्या दोन गावांची माणसे येऊच शकली नाहीत. रात्री साडेअकराला वधूवरांची पाठवणी झाली, तेव्हा पुलावाची दोन मोठी पातेली आणि मटणाच्या रश्श्याचे एक पातेले जवळजवळ जसेच्या तसे उरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्सानंतर यजमानांनी ती पातेली टेम्पोत घातली, आम्हांलाही बरोबर घेतले, आणि सिस्टरांच्या मुलींच्या वसतिगृहाचा रस्ता धरला. मनात पुण्य केल्याचे समाधान होते. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या सिस्टरांनी झाकण उघडले. आम्हांस वाटले, त्या आता मुलींना हाक मारतील. त्यांनी मात्र विचारले, "हे चुलीवरून कधी उतरले?"

"काल संध्याकाळी," यजमान म्हणाले.

"किती वाजता, काका?"

"साडेसहा-सात झाले असतील. झाकून ठेवले होते, सिस्टर. कुणी हात लावलेला नाही."

सिस्टरांनी बोटांवर तास मोजले. पंधरा भरले. "मला हे मुलींना वाढता येणार नाही," त्या शांतपणे म्हणाल्या.

यजमान दुखावले. "आमच्या घरी आम्ही रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी देऊन खातोच की! फुकट मिळणाऱ्या अन्नालाही एवढी पारख?"

"तुमच्या घरी पातेलीभर भात रात्रीत निवतो, आणि कुणाचे पोट बिघडले तर तुम्ही त्याला डॉक्टरकडे न्याल. माझ्याकडे नव्वद मुली आहेत आणि रात्री सोबतीला एक सिस्टर. गरिबांची पोटे काही लोखंडाची नसतात, काका."

वसतिगृहामागे आंब्याखाली खड्डा खणून तो पुलाव पुरण्यात आला. मुली खिडकीच्या गजांना धरून पाहत होत्या. त्या दिवशी त्यांच्या ताटात रोजचाच भात आणि आमटी होती. खरे सांगावयाचे तर आम्ही त्या वेळी मनातून यजमानांच्या बाजूचे होतो. परतताना टेम्पोत आम्ही दोघेही सिस्टरांच्या ताठरपणाबद्दलच बोलत होतो.

पुढे आमच्या दवाखान्यातील डॉक्टरांनी आमचे डोळे उघडले. तांदळात एका जिवाणूची बीजे जात्याच असतात. शास्त्रात त्याला बॅसिलस सिरियस म्हणतात. भात शिजताना जिवाणू मरतात, परंतु ती बीजे उकळत्या पाण्यातही तग धरतात. भात कोमट राहिला की ती अंकुरतात, वाढतात, आणि भातात एक विष सोडतात. हे विष असे चिवट आहे की भात पुन्हा कढत केला तरी ते नाहीसे होत नाही. त्याला वास नाही, चव नाही. मोठ्या पातेल्यातला भात तर मध्यभागी तासन्‌तास कोमटच राहतो. म्हणजे घट्ट झाकण लावून आम्ही त्या पुलावाची राखण केली नव्हती. जिवाणूंची ऊब राखली होती.

आपल्या भाषेत यासंबंधी तीन शब्द आहेत आणि आपण ते एकमेकांत कालवून टाकतो. उष्टे म्हणजे ज्याला कुणाचा हात वा तोंड लागले आहे ते. शिळे म्हणजे ज्याच्यावरून वेळ उलटून गेली आहे ते. आणि उरलेले म्हणजे जे निर्दोष आहे, ताजे आहे, केवळ ज्याला खाणारा मिळाला नाही ते. दान ह्या तिसऱ्याचेच होऊ शकते. पण उरलेले हे फार काळ उरलेले राहत नाही. घड्याळाचा काटा फिरतो आणि त्याचे शिळे होते. आमच्या यजमानांनी रात्री साडेअकराला जे अन्न दिले असते, ते कदाचित घेण्याजोगे ठरले असते. सकाळी दहाला ते दिले, तोपर्यंत त्याचे नाव बदलले होते.

वाचकांपैकी पुष्कळांचा संबंध आता अशा धंद्यांशी येतो म्हणून हा विषय आम्ही काढला आहे. कुणाची बेकरी आहे, कुणाचे किराणा दुकान. कुणाचा मुलगा गोव्यातील हॉटेलात स्वयंपाकघर सांभाळतो, कुणाची मुलगी बडोद्यास किंवा हैदराबादेस एखाद्या कारखान्याच्या उपाहारगृहाचा हिशेब पाहते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली काढलेल्या अहवालाप्रमाणे २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातील साठ टक्के घरांतून, अठ्ठावीस टक्के हॉटेले, खाणावळी व तत्सम ठिकाणांहून, आणि बारा टक्के दुकानांतून. घरच्या साठ टक्क्यांबद्दल गृहिणींना उपदेश करणारे लेख पुष्कळ निघतात, आणि त्यांत बहुधा पुरुषांच्या ताटात टाकलेल्या अन्नाचा उल्लेख नसतो. तो विषय पुन्हा केव्हातरी. येथे उरलेल्या चाळीस टक्क्यांचा विचार करू, कारण तेथे एकाच माणसाच्या निर्णयाने शेकडो पाने वाचतात.

हे काम नवीन आहे असे मात्र नाही, आणि त्याचा उगम एका धर्मग्रामाच्या ओसाड बेकरीत झाला हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात फिनिक्स नावाचे शहर आहे. तेथे जॉन व्हॅन हेंगल नावाचे एक प्रापंचिक कॅथलिक गृहस्थ संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या भोजनगृहात सेवा करीत असत. आपल्याही अनेक धर्मग्रामांत ज्या सोसायटीची शाखा आहे तीच ही. फ्रेडरिक ओझानाम ह्यांनी १८३३ साली पॅरिसमध्ये ती सुरू केली. फिनिक्समध्ये संत्र्या-लिंबांची झाडे उदंड. अंगणांत फळे पडून कुजत. व्हॅन हेंगल एका जुन्या दूधगाडीतून ती गोळा करून भोजनगृहाला देऊ लागले. पुढे त्यांना एक बाई भेटली. तिला दहा मुले होती, नवरा तुरुंगात होता. ती दुकानामागच्या पेट्यांत टाकून दिलेले अन्न वेचून मुलांना वाढवीत होती. तेथे मिळणारे पुष्कळसे अन्न अगदी चांगले असते, असे तिने त्यांना सांगितले. आणि जसा लोक पैसा बँकेत ठेवतात व काढतात, तसे अन्न ठेवण्याचे व नेण्याचे एखादे ठिकाण असावे, अशी कल्पनाही तिनेच सुचविली.

व्हॅन हेंगल आपल्या धर्मग्रामाकडे गेले. संत मरियेच्या नावाच्या त्या चर्चने त्यांना पडीक असलेली एक बेकरी वापरावयास दिली आणि तीन हजार डॉलर दिले. ही १९६७ सालची गोष्ट. संत मरियेच्या नावाची ती 'अन्नपेढी' जगातील पहिली मानली जाते. पहिल्याच वर्षी तेथून एक लाख किलोहून अधिक अन्न संस्थांना वाटले गेले. पुढे त्याच धर्तीवर देशभर पेढ्या निघाल्या. त्यांची जी मध्यवर्ती संस्था झाली, ती २००८ सालापासून 'फीडिंग अमेरिका' ह्या नावाने ओळखली जाते. व्हॅन हेंगल २००५ साली वारले. त्या बाईचे नाव मात्र कोणत्याही फलकावर आमच्या पाहण्यात नाही.

फ्रान्समध्ये हीच ठिणगी एका वृत्तपत्रातून पडली. १९८४ साली सिस्टर सेसिल बिगो ह्यांनी 'ला क्र्वा' ह्या कॅथलिक दैनिकात वाया जाणाऱ्या अन्नावर लेख लिहिला. तो वाचून बेर्नार दांद्रेल हे गृहस्थ पुढे आले आणि त्याच वर्षी तेथील पहिली अन्नपेढी उभी राहिली. २०१६ साली तर त्या देशाने कायदाच केला: चारशे चौरस मीटरांहून मोठ्या दुकानांनी विकले न गेलेले खाण्याजोगे अन्न मुद्दाम नासवू नये आणि ते घेण्यासाठी धर्मादाय संस्थांशी करार करावा. मुद्दाम नासवू नये, हे शब्द वाचून आम्हांस प्रथम नवल वाटले. पेटीतून कुणी वेचून नेऊ नये म्हणून तेथील काही दुकाने टाकलेल्या अन्नावर रसायन ओतीत असत, हे नंतर कळले.

आपल्या देशातही हातपाय हलविणारी माणसे आहेत. ऑगस्ट २०१४ मध्ये दिल्लीत काही तरुणांनी 'रॉबिन हूड आर्मी' सुरू केली. पोर्तुगालमधील अशाच एका उपक्रमावरून त्यांना ती सुचली होती. हे लोक पैशाची देणगी घेत नाहीत. हॉटेलांतून उरलेले अन्न घेतात आणि त्याच रात्री वाटतात. मुंबईचे माजी पोलीस आयुक्त शिवानंदन ह्यांनी तेथे 'रोटी बँक' उभी केली. गोव्यात 'स्ट्रीट प्रॉव्हिडन्स' ही संस्था हॉटेलांतील उरलेले अन्न गरजूंपर्यंत पोहोचवीत आली आहे.

आता नियमांकडे वळू, कारण धंदेवाईक मनुष्य दानाला तयार असतो पण कायद्याला भितो. 'उद्या कुणाच्या पोटात दुखले तर माझ्या दारात पोलीस येतील. त्यापेक्षा खड्डा बरा' हे वाक्य आम्ही तीन हॉटेलवाल्यांच्या तोंडून ऐकले आहे. ही भीती अगदीच पोकळ नाही. अमेरिकेने १९९६ साली कायदा करून सद्भावनेने अन्न देणाऱ्याला, घोर हलगर्जीपणा नसेल तर, संरक्षण दिले. आपल्या संसदेने तसा स्वतंत्र कायदा केलेला नाही. परंतु अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने उरलेल्या अन्नाचे संकलन व वाटप ह्यांविषयी २०१९ साली विनियम केले आणि ते १ जुलै २०२० पासून अमलात आले. त्यांचा मथितार्थ साधा आहे. द्यावयाचे अन्न विक्रीच्या मालापासून वेगळे काढावे. ते स्वच्छ व झाकलेले असावे. त्यावर ते काय आहे, कुणी दिले, शाकाहारी की मांसाहारी, हे लिहावे आणि ते विक्रीसाठी नाही असेही लिहावे. मुदत उलटलेला माल देऊ नये. वाटप करणाऱ्या संस्थेने नोंदणी करावी. दोघांनीही काय दिले, काय घेतले ह्याची वही ठेवावी. आमच्या मते ही वही हेच दात्याचे खरे कवच आहे. ज्याने वेळ लिहून ठेवली, त्याला सांगण्याजोगे काहीतरी असते. ज्याने नुसते झाकण लावले, त्याच्यापाशी काही नसते.

कोणते अन्न द्यावयास सोपे आणि कोणते अवघड, हे धंद्याधंद्यावर आहे. सर्वांत सोपा बेकरीवाला. पाव, टोस्ट, बिस्किटे ह्यांना ना थंड पेटी लागते ना घाई. सायंकाळचा न खपलेला पाव दुसऱ्या दिवशी सकाळी वसतिगृहात पोहोचला तरी चहाबरोबर तो आनंदाने खाल्ला जातो. मलई घातलेले केक व पेस्ट्री मात्र ह्यात धरू नयेत. ते दुधाच्या वर्गातले. किराणा दुकानदाराचेही काम कठीण नाही, फक्त त्याने मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नये. महिनाभर आधी फळीवरचा माल चाळावा आणि जो खपणार नाही असे दिसते तो तेव्हाच काढून द्यावा. पाच किलो रवा मुदतीच्या आदल्या दिवशी अनाथाश्रमाला देणे म्हणजे आपली अडगळ दुसऱ्याच्या अंगणात लोटणे होय. भाजीवाल्याची डागी वांगी आणि फुटके टोमॅटो त्याच दिवशी चिरून रस्शात जाऊ शकतात.

खरी कसोटी हॉटेलाची, आचाऱ्याची आणि मंगल कार्यालयाची. शिजलेल्या अन्नाचा नियम असा की ते एकतर कढत असावे, साठ अंशांच्या वर, किंवा गार असावे, पाच अंशांच्या खाली. ह्या दोहोंमधल्या कोमटपणात जिवाणूंचा संसार थाटतो. म्हणून गरम अन्न गरम डब्यांतून ताबडतोब पोहोचवावे, घेणाऱ्याने ते पुन्हा चांगले उकळवावे आणि लगेच वाढावे. ठेवावयाचे असेल तर खोल पातेल्यात न ठेवता पसरट ताटांत काढून निववावे आणि शीतपेटीत घालावे. पाहुण्यांनी स्वतः वाढून घेण्यासाठी मांडलेल्या भांड्यांतले उरलेले देऊ नये. शेकडो हात त्यावरून गेलेले असतात, तेव्हा ते उष्ट्याच्या जवळचेच समजावे. स्वयंपाकघरातून जे बाहेर गेलेच नाही ते द्यावे. मासे, दही आणि दुधाची मिठाई ह्यांचे दान बर्फाची सोय असेल तरच करावे. आमच्यासारख्या मासेखाऊंना हे सांगणे जड जाते, पण सांगितले पाहिजे.

खर्चाचे काय, असा प्रश्न येतोच. वस्तू व सेवा कराच्या कायद्यातील कलम १७(५) प्रमाणे, ज्या व्यापाऱ्याने खरेदीवर भरलेल्या कराची वजावट घेतली असेल, त्याला माल नष्ट केला तरी ती सोडावी लागते आणि फुकट दिला तरी सोडावी लागते. कायद्याने दान करणाऱ्याला फेकणाऱ्यापेक्षा अधिक काही दिलेले नाही, ही खेदाची गोष्ट आहे. पण दान केल्याने करात जास्त तोटा होतो ही समजूतही खरी नव्हे. तपशील ज्याने त्याने आपल्या हिशेबनिसाला विचारावा. उलट काही हॉटेलवाल्यांना वेगळाच अनुभव येतो. दररोज काय उरले ते वहीत लिहू लागताच, आपण रोज किती जास्त शिजवितो हे त्यांना प्रथमच दिसते आणि पुढल्या महिन्यापासून पातेलेच लहान होते. मग द्यावयास कमी उरते. त्यात वाईट वाटण्याजोगे काही नाही.

पोप फ्रान्सिस ह्यांनी ५ जून २०१३ रोजी म्हटले होते की अन्न टाकणे हे गरिबाच्या पानातून चोरण्यासारखे आहे. आपल्या धर्मग्रामांत त्या उपदेशाचे कौतुक झाले, पण लग्नाच्या पानांचा आकडा काही कमी झाला नाही. कमी पडले तर अब्रू जाईल ह्या भीतीने आपण शंभर पाने जास्त सांगतो, आणि आचारी आपली अब्रू राखण्यासाठी त्यावर आणखी पन्नासांचे शिजवितो. पाच भाकरी आणि दोन मासे वाढून झाल्यावर उरलेले तुकडे शिष्यांकडून त्याच ठिकाणी गोळा करून घेतले गेले, असे संत योहानाच्या शुभवर्तमानात सांगितले आहे. ते दुसऱ्या दिवसावर टाकलेले नव्हते.

गतवर्षी आम्ही त्याच आचाऱ्याला गाठले. तो मनुष्य प्रामाणिक आहे. पुलाव पुरला हे त्याच्याही जिवाला लागले होते. "साहेब, आमचे गिऱ्हाईक जेवण संपेपर्यंत उरले म्हणू देत नाही," तो म्हणाला. "अपशकुन वाटतो. आणि पाठवणी झाली की सगळे निघून जातात. मग पातेली नि आम्ही." ह्यावर त्याने स्वतःच तोड काढली. आता तो लग्नाचा ठराव करतानाच यजमानाला विचारतो: उरले तर कुणाला द्यावयाचे? उत्तर मिळाले की त्या संस्थेचा दूरध्वनी क्रमांक ठरावाच्या कागदावर लिहितो. पुलाव एकदम न शिजविता दोन हप्त्यांत शिजवितो. दुसऱ्या हप्त्याचे तांदूळ पाहुण्यांची गर्दी पाहून मगच चुलीवर चढतात. आणि रात्री नऊ वाजता, पंगत चालू असतानाच, तो स्वयंपाकघरातील पातेल्यांकडे नजर टाकून फोन करतो. सिस्टरांनीही आपल्या बाजूने एक अट घातली आहे: रात्री दहानंतर काही आणू नये, मुली निजतात. दहानंतर उरेल ते स्टेशनजवळच्या रात्रीच्या निवाऱ्याकडे जाते. ती व्यवस्था आमच्या व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या दोन तरुणांनी, एकाच्या मोटारसायकलवर आणि दुसऱ्याच्या रिक्षात, चालविली आहे.

नोव्हेंबरात एका लग्नाच्या रात्री आम्ही मुद्दाम वसतिगृहावर थांबलो होतो. साडेनऊच्या सुमारास रिक्षा आली. सिस्टरांनी डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचल्या, एका डब्यात उष्णतामापक बुडवून पाहिला, मोठ्या मुलींना हाक मारली आणि रस्सा पुन्हा चुलीवर चढविला. मग कंदिलाखाली नव्हे, विजेच्या दिव्याखालीच, पण जुन्या काळच्या मुनीमासारख्या त्या वही घेऊन बसल्या. आम्ही खांद्यावरून डोकावून वाचले: 'पुलाव, दोन डबे, चुलीवरून ८-४० ला उतरला, ९-३५ ला मिळाला. चिकन रस्सा, एक डबा, उकळविला. बर्फाविना आलेली कोशिंबीर, दह्याची, परत केली.'

रिक्षावाला तरुण ती कोशिंबीर घेऊन मुकाट्याने परत गेला.